काटेसाहेबांचा काटा

निवृत्त माणूस घरी हमखास सापडतो, म्हणून सल्ला द्यायला सगळे त्याच्याकडेच येतात. काटेसाहेब निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांच्याकडे अकरा जण आले. एकाने जमीन घ्यायला सांगितली, दुसऱ्याने कोंबड्या पाळायला, तिसऱ्याने स्वतःच्या मेव्हण्याच्या साबणाच्या कारखान्यात भागीदारी घ्यायला. वरच्या मजल्यावरचे पैलवानकाका दोन कप चहा पिऊन म्हणाले, "पैसा नुसता पडू देऊ नका हो. तुम्ही रिटायर झालात, पैसा झालेला नाही." आणि तिसऱ्या कपाची वाट बघत बसले. काका जन्मात कधी आखाड्यात उतरले नव्हते. अंगावरून नाव पडलं होतं.

काटेसाहेब हे नावही तसंच. वजनमापे खात्यात तेहतीस वर्षं ते दुकानादुकानांतून तराजू तपासत फिरले. ते गल्लीत शिरले की दुकानदारांचे अंगठे पारड्यावरून आपोआप उठत. एकदा पन्नास ग्रॅमच्या फरकासाठी त्यांनी सख्ख्या साडूच्या दुकानातला तराजू जप्त केला. साडू पुढे सहा वर्षं त्यांच्याशी बोलला नाही. साहेबांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही; साडू जरा जास्तच बोलायचा.

निवृत्तीच्याच साली त्यांच्या बायकोला, म्हणजे गल्लीच्या काकूंना, लांबलेला ताप आला. ताप गेला तो अंगावरचं सगळं घेऊन गेला. वर पित्ताशयात खडे निघाले. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी काकूंना काट्यावर उभं केलं, त्रेचाळीसचा आकडा लिहिला आणि म्हणाले, "ऑपरेशन करू, पण या अंगावर नाही. पन्नास किलो भरा आणि मग या." जसे काही सात किलो कोपऱ्यावरच्या दुकानातून पिशवीत घालून आणायचे होते.

काकूंचं तर खाण्यावरचं मनच उडालं होतं. ताटात दोन घास चिवडायच्या आणि म्हणायच्या, "आता काय राहिलंय माझ्यात वाढायचं?"  साहेब उठून उगाच खिडकी उघडत, नाहीतर लावत.

वजन वाढतंय की नाही ते बघावं म्हटलं, तर काकूंना चालवेल एवढ्या अंतरात माणसं जोखायचा काटाच नव्हता. धान्याचा होता, भंगाराचा होता, सोन्याचा होता. माणसाचा नव्हता. तेहतीस वर्षं काट्यांमध्ये काढलेल्या माणसाला ही गोष्ट साठाव्या वर्षी कळावी! साहेब त्या रात्री जेवताना अचानक म्हणाले, "अगं, पैशाला काम मिळालं."

नाणं टाकलं की वजन सांगणारं यंत्र. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर ठेवायचं. यंत्र आपलं आपण कमावेल, आपण घरी बसायचं, आणि काकूंचं वजन रोज फुकट.

काकू म्हणाल्या, "माझ्या सात किलोंसाठी पेन्शनची पुंजी मोडणार तुम्ही?"

"मोडत नाही, गुंतवतोय," साहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी पैलवानकाकांकडून उचलला होता.

पेन्शनच्या कचेरीत त्यांना सहा पानांचा अर्ज मिळाला. पुंजीतला चौथा हिस्सा व्यवसायाच्या साधनासाठी काढता येत होता. खिडकीमागच्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला.

"व्यवसाय काय?"

"वजन करणं."

"कशाचं?"

"माणसांचं."

कारकुनाने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "घेणार कोण?"

"अहो, विकायची नाहीत. नुसती जोखायची."

"जोखून काय करणार?"

"सोडून देणार."

कारकुनाने बराच विचार केला. त्याच्या यादीत शिवणयंत्र होतं, पिठाची गिरणी होती, हातगाडी होती, माणसं जोखून सोडून देण्याचं काही नव्हतं. शेवटी त्याने 'इतर' या रकान्यात लिहिलं आणि अट वाचून दाखवली: नव्वद दिवसांत साधन चालू असल्याचा दाखला आणि वजनमापे खात्याचं शिक्कापत्र आणून द्यायचं. नाही दिलं तर काढलेली सगळी रक्कम दरमहाच्या पेन्शनमधून कापली जाईल.

"शिक्क्याचं मला सांगता?" साहेब हसले. "तेहतीस वर्षं मीच मारत होतो."

"मग अडचणच नाही," कारकून म्हणाला. अशी वाक्यं ज्याला उद्देशून बोलली जातात त्याचं पुढे कधी भलं झालेलं नाही.

यंत्र मिळालं ते एका बंद पडलेल्या सिनेमागृहात. पुरुषभर उंच, लालभडक, वर तोंडाएवढी काचेची तबकडी, भोवती बारा रंगीत दिवे. सिनेमागृहाचा म्हातारा मालक 'या साहेब, बसा साहेब' करत होता, आणि साहेब म्हणवून घ्यायला साहेबांना आता महिनामहिना मिळत नव्हतं. त्यांनी पाठीमागे हात बांधले, तबकडीसमोर वाकले, काटा बरोबर शून्यावर आहे हे पाहिलं आणि जुन्या सवयीने म्हणाले, "ठीक आहे."

झालं. ज्या माणसाने हाताखालच्या पोरांना तेहतीस वर्षं बजावलं होतं की रिकामा काटा काही सांगत नसतो, वजन ठेवा आणि मग त्याला बोलतं करा, त्या माणसाने रिकाम्या काट्याकडे बघून चौथा हिस्सा पेन्शन मोजली. त्यांच्याजवळ तेव्हा तपासणीची वजनं नव्हती, ती खात्याला परत केली होती. आणि एखादी गोणी आणा म्हणून सांगायला जीभ रेटली नाही. साहेब माणूस गोणी मागतो का?

हमालांनी यंत्र पायरीवर चढवताना त्याला दोनदा भिंतीवर आपटलं. औषधवाला भला माणूस होता. भाडं नको म्हणाला, फक्त दिव्यांनी त्याचे डोळे दुखायला लागले तेव्हा त्याने बारातले अकरा काढायला लावले. पहिल्याच दिवशी दुसरी गोष्ट कळली. यंत्राला जुनं नाणं लागत होतं, जे बाजारातून उठून वीस वर्षं झाली होती. नवं नाणं आत गेलं की यंत्र ते गिळायचं आणि गप्प बसायचं. साहेबांनी ओळखीपाळखीतून एकतीस जुनी नाणी जमवली. गिऱ्हाइकाने नवं नाणं साहेबांना द्यायचं, साहेबांनी त्याला जुनं द्यायचं, त्याने ते यंत्रात टाकायचं, आणि एकतीस जण झाले की साहेबांनी कुलूप उघडून सगळी नाणी परत काढायची. म्हणजे आपलं आपण चालणाऱ्या यंत्राशेजारी साहेबांना सकाळ-संध्याकाळ स्टुलावर बसणं आलं. येणारे-जाणारे विचारत, "साहेब, नोकरी लागली वाटतं?"

पण काकू पहिल्यांदा त्यावर चढल्या तो दिवस वेगळाच होता. साहेबांच्या खांद्याचा आधार घेऊन त्या उभ्या राहिल्या. काटा थरथरला आणि शेहेचाळीसवर थांबला.

"शेहेचाळीस?" काकू म्हणाल्या. "त्रेचाळीस होते ना मी? काही न खाता तीन किलो?"

"हवा मानवली असेल," साहेब म्हणाले.

"असं असेल तर," काकू हळूच म्हणाल्या, "मी अजून वाढू शकते म्हणायची." आणि त्या संध्याकाळी त्यांनी पहिल्यांदा अख्खी वाटी भात खाल्ला. साहेबांनी खिडकी उघडली नाही आणि लावलीही नाही. नुसते बघत बसले.

पुढे रोज सकाळी काकूंची काट्याशी भेट ठरलेली. पाव किलो, अर्धा किलो, काटा सरकत होता. गालावर थोडं थोडं अंग दिसू लागलं. धंदा मात्र उताराला लागला होता. पैलवानकाका चढले आणि काटा सत्त्याण्णववर गेला.

"हे काय?" काका गरजले. "मी नव्वदीतला माणूस!"

"होता," साहेब म्हणाले.

"तुमचं यंत्र खोटं बोलतंय."

साहेबांच्या वर्मी घाव बसला. "मला खोटा म्हणा एक वेळ. माझ्या काट्याला म्हणायचं नाही."

काकांनी ही गोष्ट चारही मजल्यांवर पोचवली. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंना काट्याने पाच किलो जास्त दाखवले होते, त्या पायरीच्या बाजूने जायच्याच बंद झाल्या. माणसं वजन करायला येतात ती कमी ऐकायला, हे साहेबांच्या खात्यात कुणी शिकवलं नव्हतं. अठरा दिवसांत एकतीस नाणी एकदाही संपली नाहीत.

शेवटी साहेबांनी जाहीर केलं: रविवारी सकाळी दहाला सगळ्यांसमोर काट्याची परीक्षा घेऊ. शनिवारी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, त्यांनी वाण्याकडून वीस-वीसची दोन आणि दहाचं एक अशी शिक्क्याची वजनं हातगाडीवर आणली. वजनांवर साहेबांचाच जुना शिक्का होता. रविवारी फजिती नको म्हणून एकदा आपलं आपण बघून घेऊ म्हणाले. एक एक करून पन्नास किलो पाटावर ठेवले.

काटा त्रेपन्नवर जाऊन उभा राहिला.

साहेबांनी वजनं उतरवली, पुन्हा चढवली. त्रेपन्न. पाट पुसला. त्रेपन्न. तबकडीला टिचकी मारली. त्रेपन्नच. पन्नासाला तीन, नव्वदीला पाच-सहा, जेवढं ओझं मोठं तेवढं खोटं मोठं. आतला दांडा झिजला होता. रिकामा असताना काटा शून्यावर साळसूदपणे उभा राहात होता, आणि साहेबांनी त्याला तिथेच पास केलं होतं.

पहिल्यांदा त्यांना पेन्शन आठवली. मग स्वतःची अब्रू. आणि मग पायरीवर बसल्याबसल्या काकू आठवल्या आणि बाकीचं सगळं विसरायला झालं. काल काट्याने साडेएकोणपन्नास दाखवले होते. काकू घरभर सांगत फिरल्या होत्या, "अर्धाच राहिला." इस्पितळात न्यायची पिशवीसुद्धा त्यांनी काढून ठेवली होती. खरं वजन साडेशेहेचाळीसच्या वर दोन-चार घास. आता कुठल्या तोंडाने सांगायचं की बाई, अर्धा नाही, साडेतीन राहिले? ती पुन्हा ताट सरकवील, आणि या वेळी परत ओढणार नाही.

नव्वदातले सत्तर दिवस संपले होते. साहेबांनी तिथेच बेत केला. काटा दुरुस्त व्हायच्या आत काकूंनाच खऱ्या पन्नासावर आणायचं. यंत्र बदलण्याऐवजी माणूस बदलायचा. खात्यात असं कुणी केलेलं नव्हतं.

रविवारची परीक्षा 'पाठीत उसण भरली' या कारणाने रद्द झाली. पैलवानकाका मिशीत हसले. साहेब संध्याकाळी चार डझन केळी घेऊन आले.

पुढचे दिवस स्वयंपाकघर साहेबांच्या ताब्यात गेलं. ज्यांनी चहासुद्धा कधी गाळला नव्हता ते सकाळी दोन अंडी उकडू लागले. पहिल्या दिवशी पाणी आटून अंडी फुटली आणि एकाने छताला शिवून दाखवलं. दूध, लोणी, बटाटे, शेंगदाणे. दोन तासांनी पुन्हा दूध.

"अहो, मला विकायची आहे का?" काकू म्हणायच्या.

"खा गं. अर्धाच किलो तर राहिलाय."

"मग एवढी घाई कशाला?"

साहेब पातेलं घासायला लागायचे. रोज सकाळी त्या काट्यावर चढायच्या तेव्हा साहेब दुसरीकडे बघायचे. दुसरं गिऱ्हाईक येतच नव्हतं, त्यामुळे कुणी फसतही नव्हतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. समजूत पुरती पटली नव्हती, पण दिवस ढकलायला पुरत होती.

एका सकाळी काटा पावणेपन्नासवर थांबला. काकू टाळी वाजवून खाली उतरल्या, तेवढ्यात एक बाई सहा वर्षांच्या मुलीचा हात धरून आली. मुलीचे डोळे तापाने तांबारले होते. बाईच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी.

"वजन करून आणा म्हणालेत," ती म्हणाली. "त्यावर औषध किती द्यायचं ते ठरणार आहे."

औषधवाला आतून म्हणाला, "साहेब, करून टाका. पोरीकडून नाणं नको."

मुलगी पाटावर चढली. काटा एकोणीसवर गेला. बाई चिठ्ठीवर आकडा लिहायला लागली.

"थांबा," साहेब म्हणाले. मग इतक्या मोठ्यांदा म्हणाले की समोरच्या बाजूने जाणारे पैलवानकाकाही थबकले. "लिहू नका. हा काटा खोटा आहे. जास्त दाखवतो. पोरीचं वजन एक किलो कमी आहे, आणि ते मी तुम्हाला वाण्याच्या काट्यावर दाखवतो, चला. त्यावर माझा शिक्का आहे. यावर कुणाचाच नाही."

बोलून झालं आणि मग त्यांना पाठीमागे काकू उभ्या आहेत हे आठवलं.

वाण्याच्या धान्याच्या पारड्यात मुलगी कशीबशी मावली आणि अठरा किलो भरली. साहेब परत आले तेव्हा पायरीवर काकू नव्हत्या. पैलवानकाका होते. साहेबांनी मान खाली घालून म्हटलं, "म्हणा काय म्हणायचं ते."

काकांनी पोटावरून हात फिरवला. "मग मी सत्त्याण्णव नाही ना?"

"एक्याण्णव."

"मग माझं काही म्हणणं नाही," काका म्हणाले, आणि जाता जाता साहेबांच्या पाठीवर असा हात ठेवला की खोटी उसण खरी होता होता राहिली.

साहेब घरी गेले. इस्पितळाची पिशवी होती तिथेच होती. काकू स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. साहेब दारातच उभे राहिले.

"कधीपासून माहीत होतं?" काकूंनी वर न बघता विचारलं.

"नऊ दिवस."

"म्हणजे अंड्यांपासून."

"हो."

काकूंनी आणखी एक बटाटा सोलला. "पहिल्या दिवशी शेहेचाळीस दाखवले, ते खोटे होते?"

"हो गं. त्रेचाळीसच होतीस."

"आणि आज?"

"सत्तेचाळीसला थोडंसं कमी."

"मग त्रेचाळीसवरून सत्तेचाळीस, हे चार कुणाचे?" काकूंनी सुरी खाली ठेवली. "हे तर खरेच आहेत ना? का तेही परत करायचे?"

साहेबांनी तेहतीस वर्षं काटे तपासले होते, पण हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते दाराच्या चौकटीला धरून हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना खिडकी उघडावी लागली.

शिक्क्यासाठी खात्यातून आले ते धाकटे साहेब, एके काळी साहेबांच्याच हाताखाली शिकलेले. त्यांनी मिस्त्रीकडून दांडा बदलून घेतला, वजनं चढवली, उतरवली. मग अदबीने विचारलं, "साहेब, घेताना वजन ठेवून पाहिलं नव्हतंत?"

"नाही."

"रिकामा काटा..."

"काही सांगत नसतो. ठाऊक आहे. मारा शिक्का."

शिक्का बसला तो सत्त्याऐंशीव्या दिवशी. काकू चढल्या: सत्तेचाळीस. मग त्यांनी साहेबांना वर ढकललं. काटा अडुसष्टवर गेला.

साहेब दचकले. "हा अजून खोटाच आहे! नोकरीत मी चौसष्ट होतो. नवा आणला तेव्हाही यानं अडुसष्टच दाखवले होते."

"तेव्हा खोटे होते, आता खरे आहेत," काकू म्हणाल्या. "तुम्ही पातेलं घासायला वळलात की मी माझ्यातलं अर्धं तुमच्या ताटात सारत होते. काळजीनं तोंड एवढंसं झालं होतं तुमचं. काय झालंय ते सांगत नव्हतात, मग खाऊ तरी घालावं म्हटलं."

धाकटे साहेब कागदांत डोकं घालून शिक्कापत्र लिहीत राहिले. त्यांना दोनदा नवा कागद घ्यावा लागला.

तिथून पुढे दोघं समोरासमोर बसून आपापलं ताट आपापलं जेवू लागली, एकमेकांवर नजर ठेवून. डॉक्टर चिठ्ठीवर 'पायरीवरच्या काट्यावर' असं लिहून माणसं पाठवू लागले. शिक्षिकाबाई परत आल्या. आपण फिरायला जाऊन सहा किलो उतरवले असं पैलवानकाका सगळ्यांना सांगू लागले, आणि साहेबांनी ते सांगू दिलं.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी काकू काट्यावर चढल्या. पिशवी बाजूला ठेवली, चपला काढल्या, साहेबांचा खांदा न धरता सरळ उभ्या राहिल्या. काटा चढत गेला, थरथरला आणि पावणेपन्नासवर थांबला. त्याच जागी, जिथे सव्वा महिन्यापूर्वी खोटा थांबला होता.

पाव किलो. साहेबांनी तबकडीकडे पाहिलं, काकूंच्या ताठ मानेकडे पाहिलं. औषधवाला आत बाटल्या लावत होता. रस्त्यावर कुणी नव्हतं. तेहतीस वर्षं लोकांचे अंगठे पकडलेल्या त्या माणसाने हळूच आपला उजवा पाय उचलला आणि अंगठ्याचं टोक पाटाच्या कडेवर टेकवलं.

काटा पन्नासावर आला.

काकूंनी खाली बघितलंसुद्धा नाही.

"पाय काढा," त्या म्हणाल्या. "परवा येऊ आपण."